बोव्हिसचं नवं नाव

सुंदररावांच्या रक्ताची बाटली मशीनने दुसऱ्याच दिवशी पॉझिटिव्ह दाखवली. म्हणजे रक्तात जिवाणू वाढत होते. महिनाभराचा ताप, हृदयाच्या झडपेला संसर्ग. मी तंजावूरच्या एका हॉस्पिटलात मायक्रोबायॉलॉजिस्ट. सुंदरराव आमच्याच राजवाड्यामागच्या गल्लीतले, निवृत्त शिक्षक. मला गणित त्यांनीच शिकवलं.

स्लाइडवर गोल जिवाणूंच्या साखळ्या दिसल्या. स्ट्रेप्टोकॉकस. या कुळात जाती पुष्कळ. ही जात पूर्वी 'स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस' या नावाखाली मोडायची. पुढे वर्गीकरणवाल्यांनी तो गठ्ठा सोडवून आतल्या जातींना वेगवेगळी नावं दिली. मशीनने त्यातलं नेमकं नाव सांगितलं: स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस. ही रक्तात सापडली की मोठं आतडं तपासायचं, कारण तिथे अनेकदा कॅन्सर दडलेला असतो. मला हे माहीत होतं. मी नवं नाव ऐटीत टाइप केलं, सही ठोकली. फोन केला नाही. लॅबने नाव द्यायचं, अर्थ डॉक्टरांनी लावायचा, ही आमच्याकडची रीत.

पेनिसिलिनने ताप उतरला. सुंदरराव घरी गेले.

आठ महिन्यांनी त्यांच्या यकृताचा तुकडा तपासायला आला. आतड्यातला कॅन्सर तिथवर पोहोचला होता. मी जुना रिपोर्ट घेऊन त्यांच्या फिजिशियनकडे गेले.

"सर, तेव्हा कोलोनोस्कोपी का नाही केली?"

"कशासाठी? स्ट्रेप्टोकॉकस होता, औषध दिलं."

"गॅलोलिटिकस होता, सर. पूर्वीचा बोव्हिस."

त्यांनी चष्मा काढला. "बोव्हिस लिहिलं असतंत तर त्याच आठवड्यात आतडं बघितलं असतं, मॅडम. आम्ही तेच नाव शिकलो."

"ते नाव आता चुकीचं आहे."

"असेल," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त.

वॉर्डबाहेर सुंदररावांच्या पत्नी, कमलामामी, बसल्या होत्या. "सुधा, तेव्हा रक्त तूच तपासलंस ना गे? तेव्हा काहीच कळलं नाही का?"

"कळलं होतं, मामी."

 

सुंदरराव तीन आठवड्यांत गेले. माझा तो रक्ताचा रिपोर्ट पुढे लॅबच्या ऑडिटमध्ये बिनचूक ठरला.

आता मी दोन्ही नावं लिहिते. खाली 'मोठं आतडं तपासावं' असं लिहिते. शिवाय फोन करते. "माहीत आहे, मॅडम," असं म्हणून डॉक्टर कधीकधी वैतागतात. वैतागू देत.