किंमत उभी कशाला?

नाबुकेरा मावशी मसाका शहराच्या बाजारात मटोके, म्हणजे शिजवून खायच्या हिरव्या केळ्यांचे घड विकतात. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या माझ्या शनिवारच्या अर्थशास्त्राच्या वर्गात येऊन बसल्या आणि माझं डोकं उठलं. केळं चेपून बघावं तसं त्या माझं प्रत्येक वाक्य चेपून बघतात.

परवाचा प्रश्न साधा होता: दिलेलं मागणीचं समीकरण आलेखाच्या वेबसाइटवर टाका आणि आलेख काढा. मावशींनी फोनवर काढलाही, पण किंमत आडव्या रेषेवर आणि घड उभ्या.

"मावशी, किंमत उभ्या रेषेवर! तिसऱ्यांदा सांगतोय."

"का पण, मास्तर? मी आधी भाव सांगते, मग किती घड घ्यायचे ते गिऱ्हाईक ठरवतं. आधीचं खाली, त्यावर ठरेल ते वर. गणिताच्या बाईंनीच शिकवलंय. हा फोनसुद्धा तसंच काढतोय."

"अर्थशास्त्रात उलटं काढतात. रीत आहे."

"कुणी पाडली?"

"असेल कुणी जुना प्राध्यापक! शंभर वर्षं झाली."

"आणि त्याला कुणी टोकलं नाही?"

"मावशी, समीकरण फिरवा आणि मुकाट्यानं काढा!"

त्यांनी मुकाट्यानं वहीत काढला, अगदी बिनचूक. खाली मात्र लिहिलं, "मास्तरांसाठी किंमत उभी केली आहे. बाजारात ती आडवीच असते."

मी चिडून लाल पेनानं ती ओळ खोडली आणि समासात कारण लिहायला गेलो. सहा वर्षं हेच शिकवतोय मी. कारण एकच सुचलं: रीत आहे.