ऐन प्रयोगात मान टाकणारा संगणक

मुलुंडच्या एका नाट्यगृहात राजाराम साटम दिवे सांभाळायचे. तरुणपणी डिमरच्या दांड्या हातांनी ओढत ते रंगमंच असा सावकाश उजळायचे, की मुरलेल्या नटानेही विंगेतून दाद द्यावी. पुढे दिवे लिनक्सवरच्या एका संगणकाच्या ताब्यात गेले आणि राजाराम त्याच्यापुढच्या खुर्चीत बसू लागले. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. ती खुर्ची हाच त्यांचा संसार.

तोच संगणक ऐन प्रयोगात मान टाकू लागला. तालमीत ठणठणीत, आणि प्रयोगात, भर दुसऱ्या अंकात, अंधार.

"मामा, म्हातारं कोण झालंय? हा डबा की तुम्ही?" व्यवस्थापक देवेश सगळ्यांदेखत विचारायचा. हसणाऱ्यांत ते नटही असत, ज्यांचे चेहरे राजारामांनी जन्मभर उजळले. "पुढच्या प्रयोगाआधी कारण सांगा, नाहीतर उठा."

राजारामांनी कांदिवलीहून पुतणीला बोलावलं. अक्षता अशाच यंत्रांची देखभाल करायची.

"काका, हा मरायच्या आधी लिहून जातो," म्हणत तिने सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. बंद पडण्याआधीची शेवटची ओळ दर वेळी एकच: तापमान मर्यादेपलीकडे, यंत्र बंद होत आहे.

"मग तालमीक कसो नाय तापत गो?"

"तेच ना. प्रयोगाला तुम्ही वेगळं काय करता?"

"काय करतंय? नटराजाची पूजा. मगे पेटीक हार, तबल्याक हार, आणि ह्येका..."

संगणकाच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार ते स्वतःच चढवत. आतला पंखा त्याखाली गुदमरायचा.

"मी पार्ट खराब होता म्हणून सांगते. कुणाला कळणार नाही."

"नको गो. रंगदेवतेच्या दारात खोटा बोलाचा नसता."

त्यांनी खरं सांगितलं. देवेशने सगळ्या मंडळींना गोळा केलं.

"ऐका रे. मामांनी भक्तिभावाने मशीनचा गळा दाबला. मशीन झकास आहे, बिघाड खुर्चीत होता."

त्याच संध्याकाळी खुर्चीत देवेशचा मेहुणा बसला. राजारामांना दारावर तिकिटं फाडायला उभं केलं.

उशिरा आलेल्या एका प्रेक्षकाने विचारलं, "नाटक बरंच झालं का हो?"

"दुसरा अंक चाललाय," राजाराम म्हणाले. त्याला आत सोडून ते बंद दाराला कान लावून उभे राहिले. रंगमंचावर अंधार व्हावा, असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं.

आतून टाळ्या आल्या.