चुन्यातलं सिमेंट

खमीस मुशैतजवळच्या डोंगरात एका जुन्या दगडी मशिदीची डागडुजी चालली होती. मी तिथे गवंडी होतो. कामावर देखरेख एका म्हाताऱ्या फ्रेंच इंजिनीअरची. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, ते मला मुअल्लिम म्हणायचे, म्हणजे उस्ताद. सौदीतल्या पंचवीस वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ते फोनवर आपल्या गावचं चर्च दाखवायचे. अर्धं बुटकं, जाड भिंतींचं, गोल कमानींचं. वेदीकडचा भाग दोन-तीनशे वर्षांनी वाढवलेला. तिथे कमानी टोकदार, खिडक्या उंच. "सांधा बघ," ते फोटो मोठा करून म्हणायचे. "नव्या गवंड्यानं जुन्याचं काम झाकलं नाही. आपलं त्याच्या शेजारी उभं केलं." काही दगडांवर गवंड्यांच्या खुणा होत्या, बाण, मासा, नुसती फुली. उत्तरेच्या भिंतीचे मात्र पोपडे निघालेले.

"तो सिमेंटचा गिलावा माझ्या वडिलांचा," ते म्हणाले. "गाव खूश झालं होतं. मग आत पाणी अडकलं, दगडाचं पीठ झालं. जुन्या भिंतीला श्वास लागतो, मुअल्लिम."

मी मान डोलावली. पश्चिमेच्या भिंतीचे सांधे मी आदल्याच आठवड्यात भरले होते. चुन्यात सिमेंट मिसळून.

नुसता चुना सावकाश धरतो, वर आठवडाभर ओली पोती लागतात; मला त्याचा भरवसा वाटेना. आम्ही कोकणातले गवंडी पकड यावी म्हणून घमेलंभर सिमेंट टाकतोच. माझा मालवणचा जोडीदार तर म्हणाला होता, "टाक मरे! म्हाताऱ्याक काय कळतला? तू काय आठ दिस ओली पोती घालीत बसतलंस?" मीही हसलो होतो. साहेबांनी गिलाव्याचं सांगितलं त्या दुपारी बोललो असतो तर उकरून काढता आलं असतं.

पावसात भिंतीवर मीठ फुटलं, दगडांचे कोपरे सुटले. कंपनीच्या माणसानं विचारलं, "हे मिश्रण कुणी ठरवलं?"

"मी," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की आपलंच प्रमाण चुकलं.

मी दोन हात अंतरावर उभा होतो. बोललो तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल, मुलीचं कॉलेज थांबेल, एवढंच डोक्यात. पंधरा दिवसांत त्यांना परत पाठवलं. जाताना त्यांनी स्वतःची पातळ थापी मला दिली. मी ती घेतली. गप्प राहिलो त्याहूनही हे जास्त सलतं.

पुढे दोन वर्षं दर शुक्रवारी, मशिदीच्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारून, मी ते सिमेंट छिन्नीनं काढत होतो. सगळे सांधे चुन्यानं पुन्हा भरले आणि या महिन्यात भिंतीपाशी उभं राहून साहेबांना व्हिडिओ कॉल केला.

"साहेब, सिमेंट मी टाकलं होतं."

ते स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "आता पोती किती दिवस ओली ठेवलीस?"

"नऊ."

"ऊन?"

"चादर बांधली होती."

"ते माझं शेवटचं काम होतं," ते म्हणाले. "तेव्हा सांगायचं होतंस."

"हो, साहेब."

मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"भिंत दाखव," ते म्हणाले.

मी फोन वळवला आणि वरच्या थरापासून सावकाश खाली आणू लागलो. ते मध्येच "थांब" म्हणायचे. मी थांबायचो.