बिनकाट्याची मारांडी

माझी सवत वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीतल्या एका निळ्या टबात राहायची. नवरा खारफुटीचा अभ्यास करतो. किनाऱ्यामागच्या दलदलीत त्याला ही वेल सापडली. आमच्या कोकणात खाडीकाठी काटेरी मारांडी पायलीला पन्नास. ही तिचीच जातबहीण, पण बिनकाट्याची, आणि अख्ख्या सिंगापुरात बोटांवर मोजण्याइतकी. भरतीचं खारं पाणी आणि वरून येणारं गोडं पाणी जिथे मिसळतं, तेवढ्याच चिखलात ती तग धरते. ऑफिसच्या परवानगीने त्याने तिची एक फांदी घरी रुजवली होती.

मग काय, बाईसाहेबांचे लाड सुरू झाले. सकाळी उठला की आधी टबाशी. तिच्या पाण्यात मीठ मोजून घालायचा. माझ्या आमटीत मीठ पडलंय की नाही, हे मात्र त्याला कधी कळलं नाही. माझ्या चाळिसाव्या वाढदिवशी सकाळी ओहोटी होती, म्हणून तो गुडघाभर चिखलात. मी जळायचे, खोटं कशाला बोलू? तिचं एखादं पान पिवळं पडलं की मला बरं वाटायचं.

तीन वर्षांनी तिला एकच कळी आली. ती उमलली की दलदलीतल्या वेलीचे परागकण तो ब्रशने लावणार होता. बी धरलं, तर रोपं परत दलदलीत जाणार होती. दिवसातून दहादा तो हेच सांगायचा.

कळी उमलली तेव्हा तो अंघोळीला गेला होता आणि मी पूजेची तयारी करत होते. लहानपणापासूनची सवय, फूल दिसलं की हात जातो, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण देठ खुडताना मला सगळं ठाऊक होतं.

तो बाहेर आला, टबापाशी गेला, मग देवघराशी येऊन उभा राहिला.

"तू तोडलंस?"

"देवाला वाहिलं," मी म्हटलं.

ओरडला असता तर मी भांडले असते. त्याने गणपतीपुढचं फूल अलगद उचललं, टीपकागदात दाबलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसून चिठ्ठी लिहायला घेतली. वाळवून ठेवायच्या प्रत्येक नमुन्याला तशी चिठ्ठी लावतात: कुठलं, कधीचं, कुणी तोडलं. शेवटच्या ओळीत त्याने माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

"माझं कशाला?"

"तोडणाऱ्याचंच लिहितात."

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्याच्या अक्षरात माझं नाव मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तेही तिच्या चिठ्ठीवर.