हाड धरणारा स्क्रू

शिरूरहून चौफुल्याला जाणाऱ्या एसटीत एक वयस्कर मामा माझ्या शेजारी बसायचे. हसताना तोंडावर हटकून हात, कारण वरचे पुढचे दात नव्हते. ते ज्या कारखान्यात होते तिथं दात बसवण्यासाठी जबड्याच्या हाडात घालायचे टायटॅनियमचे स्क्रू व्हायचे. हे स्क्रू ॲसिडात बुडवून खरखरीत करायचं काम मामांकडं.

"गुळगुळीत स्क्रूला हाड धरत न्हाई," म्हणायचे आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून दाखवायचे.

एकदा मी विचारलं, "मामा, मग तुम्ही का नाही बसवून घेत?"

"मालक फुकट बसवून देत व्हते. दर साली म्हनायचो, शेतातला ऊस तुटून जाऊ द्या, मग बघू. आता डॉक्टर म्हनतो, दात पडून लई वरसं झाली, हाडच झिजलं." अडकवलेली बोटं सुटली. "स्क्रू खरखरीत करता येतो वो. धरायला हाड कुठून आनू?"

त्यांनी तोंडावर हात ठेवला. हसत मात्र नव्हते.