दोष गाडीत राहू दे

दादा गेल्याचं सांगायला फोन आला तो वहिनीच्या नंबरवरून, पण बोलली शेजारीण. झोपेतच गेला म्हणाली. मी फोन ठेवला तेव्हा मिस्टर समोर चहा पीत बसले होते. "काय झालं?" म्हणाले. "दादा गेला," मी म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला. डोळे भरून आले त्यांचे, खोटं नाही सांगत. दादावर त्यांचा जीव होता. मग म्हणाले, "लई दिलदार माणूस… गाडी तेवढी चढवता आली नाय त्याला."

दहाव्याला गोदावरीच्या काठावर हेच वाक्य कुणीतरी पुन्हा काढलं आणि रडून सुजलेली माणसं डोळे पुसत हसली. मीही मान खाली घालून ओठ हलवल्यासारखं केलं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात माझा भाऊ अंबादास याची ओळख एवढीच उरली आहे : बहिणीच्या नवऱ्याची गाडी ज्याला कधी दुरुस्त करता आली नाही असा हौशी मेकॅनिक. महिना होत आला, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. हा लेख त्या वाक्यासाठी लिहिते आहे.

आम्ही गंगापूरकडचे. घरात मी पहिली कॉलेजला गेलेली, पहिली बी.ए. झालेली, आणि याचा मला अभिमान होता, आहे. हुंड्याच्या विरोधात निबंध लिहून मी कॉलेजात बक्षीस घेतलं होतं. आणि त्यानंतर वर्षाच्या आत माझ्याच लग्नात जावयाला मोटारसायकल द्यायचं ठरलं, तेव्हा मी आतल्या खोलीत बसून सगळं ऐकलं आणि बाहेर आले नाही. बोलणी झाली होती मोठ्या गाडीची. मांडवात आली ती छोटी, टू-स्ट्रोक. वडलांची ऐपत तेवढीच होती. हळदीच्या बोटांनी तिच्या टाकीवर स्वस्तिक काढलं, हार घातला, आणि नवरदेवाच्या मित्रांपैकी कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "घोडा ठरला व्हता, शेळी आली की रं!" सगळा मांडव हसला. दादा जेवणाच्या पंगतीत वाढत होता. त्याच्या हातातली बुंदीची बादली थांबली होती, एवढं मला दिसलं.

माझं सासर देवगाव रंगारीला. दादा तोवर वाळूजला कारखान्यात लागून बजाजनगरला राहायला आलेला. त्यामुळे माझं माहेर म्हणजे दादाचं घर, आणि माहेराहून सासरी जायचं म्हणजे दौलताबादचा घाट चढायचा. त्या घाटात गाडी दम टाकायची. एका ठरावीक वळणावर मिस्टर म्हणायचे, "उतर." मी उतरायचे. ते एकटे वर जायचे, वर जाऊन सावलीला थांबायचे, आणि मी पिशवी घेऊन, पदर खोचून, रस्त्याच्या कडेनं चालत घाट चढायचे. एसटीच्या खिडक्यांतून बाया बघायच्या. वर पोचले की मिस्टरांचा ठरलेला विनोद असायचा, "बी.ए.चं वजन लई भरतंय बघ गाडीला." ते स्वतः बारावीला अडकलेले. देवगावात हे सगळ्यांना माहीत झालं होतं. सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "आमची सून माहेराहून पायी येती."

हे दादाच्या कानावर गेलं आणि त्यानं मनावर घेतलं. बहिणीला घाटात उतरावं लागता कामा नये, एवढाच त्याचा हट्ट. तो काही गॅरेजवाला नव्हता, पण हाताला सारखा चाळा हवा असायचा, आणि बोलायचा तर असा की इंजिन त्यानंच शोधून काढलंय. कार्बोरेटरमध्ये जेट म्हणून एक पितळेचा तुकडा असतो, खिळ्याच्या डोक्याएवढा, मध्ये बारीक भोक. त्या भोकातून पेट्रोल वर येतं. दादाचं म्हणणं, भोक मोठं केलं की ताकद वाढते. पहिल्या खेपेला त्यानं ते इतकं मोठं केलं की गाडी धूर ओकायला लागली, प्लग काजळीनं काळा, आणि मिस्टर म्हणाले, "तुमच्या शेळीला दारूचं येसन लावलं का पाव्हणं? टाकीच्या टाकी पितीया!" मग दुसऱ्या खेपेला त्यानं पेट्रोल आवळलं, तर गाडी दोन दिवस वाऱ्यासारखी पळाली आणि तिसऱ्या दिवशी तापून पिस्टन धरलं, म्हणजे आतल्या आत अडकून इंजिन जागीच बंद. ते काम त्यानं स्वतःच्या खर्चानं केलं. पण चुकत-माकत तो शिकला. सायलेन्सर जाळून आतला कार्बन काढायचा, हवेची जाळी धुवायची, मग थोडा मोठा जेट घालायचा, गाडी घाटापर्यंत पळवायची, प्लग काढून बघायचा. प्लगचा रंग चहासारखा आला पाहिजे, असं तो सांगायचा. शेजारचे विचारायचे, "अंबादासराव, चहा झाला का?"

एका भाऊबीजेला चहा झाला.

सकाळी ओवाळणी झाली, मिस्टर मला न्यायला आले होते, ते आत जेवत होते तेवढ्यात दादा मला म्हणाला, "सुमे, बस माघं." मला घेऊन तो थेट घाटाला गेला. माझ्यापेक्षा तो दुप्पट वजनाचा. आणि गाडी चढली. त्या वळणावर मी सवयीनं पाय खाली सोडायला लागले तर ओरडला, "पाय वर घे, बाई!" वरपर्यंत गेलो. वर त्यानं गाडी उभी केली, प्लग काढला, फुंकर मारून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "बघ. सायबाच्या घरचा चहा." इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

दुपारी आम्ही निघालो. "पाव्हणं, आता बसवून न्या. उतरायचं काम नाय," असं दादानं दहादा सांगितलं. तरी त्याला राहवेना, कुणाची तरी स्कूटर घेऊन तो मागोमाग आला, आपली करामत डोळ्यांनी बघायला. घाट सुरू झाला. गाडी ओढत होती, चांगली ओढत होती. मागं बसलेल्या माणसाला ते अंगात कळतं. ते वळण आलं. आणि मी मिस्टरांचं मनगट पाहिलं. त्यांनी रेस सोडली. अगदी हळू, बोटभर. इंजिन गुदमरलं, गाडी हेलपाटली. "उतर," ते म्हणाले.

मी उतरले. मागून दादा आला. मिस्टर हसून म्हणाले, "बघा पाव्हणं, तुमची मेहनत." दादानं त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खाली बसला, कार्बोरेटरला उगाच बोट लावलं आणि म्हणाला, "व्हय… जेट अजून बारीक पडतोय वाटतं. पुढल्या खेपेला बघू." मिस्टर गाडी घेऊन वर गेले. दादानं मला स्कूटरवर बस म्हटलं नाही. जावई वर उभा असताना मी भावाच्या गाडीवरून पोचले असते तर तो त्यांचा अपमान ठरला असता. त्यानं स्कूटर कडेला लावली आणि माझी पिशवी घेऊन माझ्याबरोबर चालायला लागला.

अर्धी चढण झाल्यावर म्हणाला, "चढत व्हती ना गं?"

"व्हय."

"मला वाटलं माझंच काय चुकलं."

"नाय दादा. मी सांगते त्यांना, आत्ता वर गेल्यावर…"

"काय नको सांगू. दोष गाडीत राहू दे. माणसात दोष काढला तर तुला तिथं नांदायचंय."

त्यानंतर दर भाऊबीजेला तो कार्बोरेटर उघडायचा. अंगणात कागद पसरून, ताटलीत पेट्रोल घेऊन, सगळं साग्रसंगीत. धुवायचा, पुसायचा आणि होतं तसंच परत बसवायचा. मिस्टर घाटात "उतर" म्हणायचे. मी चालायचे. असं ती गाडी भंगारात जाईपर्यंत चाललं. गाडी गेली, मोठी गाडी आली, पुढं मला शाळेत नोकरी लागली, दिवस बदलले, मिस्टरही बदलले. पण विनोद राहिला. कुठल्याही लग्नात दादा दिसला की, "काय अंबादासराव, जेट आणला का?" तो खिसे चाचपून दाखवायचा आणि सगळ्यांच्या बरोबर हसायचा. कारखान्यातून कमी केलं तेव्हा त्याला बजाजनगरलाच गॅरेज टाकायचं होतं. वहिनीचे भाऊ हात देणार होते. बैठकीत त्यातला एक म्हणाला, "बहिणीची एक गाडी घाट चढली नाय, आन गॅरेज चालवणार!" हशा झाला आणि गॅरेज त्या हशातच गेलं. मी त्या बैठकीत होते. तोवर माझी नोकरी पक्की होती, मुलं मोठी होती, मला कुणाच्या घरात नांदायची भीती उरली नव्हती. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला अवघड होऊ नये म्हणून. मी पोह्यांच्या बशा गोळा करून आत गेले. तो पुढं एका सोसायटीच्या गेटवर बसायला लागला. लोक मला बाई म्हणून मान देतात, गावातल्या पोरी मी शिकवल्या, आणि एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही.

आता बोलते. गाडी चढत होती. माझ्या भावानं ती नीट केली होती.

हे लिहिलेलं मी आधी मिस्टरांना वाचून दाखवलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, त्याला कळलं नव्हतं." मी म्हटलं, "छापायला देऊ का?" ते उठले, चपला शोधायला लागले. दारातून म्हणाले, "आधी वहिनीला सांग जाऊन. पेपरात वाचून कळायला नको तिला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "लई हलकं काम केलं मी."

मी बजाजनगरला गेले. वहिनी मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला का नाय सांगितलं त्यांनी?"

"तुझ्या पोटात राहिलं नसतं."

"व्हय… त्याच दिवशी देवगावात येऊन भांडले असते." हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला. "मी बी हसत व्हते गं त्यांला. चार माणसांत. म्हणायचे, यांच्या हाताला येशच नाय."

मी तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली. दादाची एक सवय होती. गल्लीतून टू-स्ट्रोक गाडी गेली की हातातला घास तसाच धरून कान द्यायचा आणि निदान सांगायचा. पेट्रोल जास्त असलं तर "लई जेवलीय", कमी असलं तर "उपाशी हाय". वहिनी वैतागायची, "तिचं ऱ्हाऊ द्या, तुम्ही जेवा." आता तसल्या गाड्या कुठं राहिल्यात. पण त्या दुपारी एक आली, कुठल्या तरी भंगारवाल्याची असेल, पत्रा वाजवावा तसा आवाज करत. आम्ही दोघी थांबलो. ती कोपऱ्यावर वळून आवाज पार विरेपर्यंत वहिनीच्या हातातली काडी तशीच होती.

"उपाशी हाय," ती म्हणाली. "पिस्टन धरंल त्याचं."