फिलोमिनाने वाजवलेली घंटा

काल समई चिंचेने घासताना तो आंबट, पितळी वास आला आणि मी थेट नव्वद सालाच्या सुमारास गव्हाणजवळच्या एका देवळात जाऊन पोचले.

तेव्हा मी पनवेलला शाळेत शिकवत होते. जत्रेच्या आदल्या दिवशी आमच्याच शाळेतली फिलोमिना, मूळची वसईची, माझ्याबरोबर देऊळ बघायला आली होती. म्हातारे गुरवकाका एकटेच मोठी घंटा घासत होते, म्हणून आम्हीही पदर खोचून चिंच हातात घेतली. तेल-शेंदराचा थर सुटत गेला आणि खाली आधी क्रूस दिसला, मग अक्षरं. फिलोमिनाने त्यांवरून बोट फिरवत वाचलं, "मारिया."

मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा गावोगावच्या देवळांत गेल्या, हे तिने आजोबांकडून ऐकलं होतं. तिने ते सांगताच काकांचा चेहरा उतरला.

"मंग तुमी ती परत नेनार काय?"

"नाही हो काका. इथे ती रोज वाजतेय, आणखी काय हवं?"

काका बाजूला सरकत म्हणाले, "मंग पयली तूच वाजव पोरी. तुज्या म्हायेरची हाय."

तिने वाजवली. नाद मिठागरांवरून लांबवर गेला. ती हसता हसता डोळे पुसत होती.

तेव्हा मला नवल वाटलं होतं घंटेचं. आता वाटतं ते काकांचं. दुसऱ्या दिवशी जत्रेत त्यांच्या बायकोने फिलोमिनाची ओटी भरली, माहेरवाशिणीची भरतात तशी.